दाजी खूश, चुलतभाऊ वैतागलेला. फोन घेऊ का?

ताई, नमस्कार.

मी कराडला एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट आहे. सकाळी नऊपासून दुपारपर्यंत आणि परत संध्याकाळी मंडई, स्टँड, गॅरेजं, टपऱ्या असा मोटारसायकलवर फिरतो. पैसे घेतले की ॲपमध्ये नोंद करायची आणि कमरेच्या ब्लूटूथ प्रिंटरवर पावती काढून द्यायची. सध्याच्या फोनला साडेचार वर्षं झाली. दुपारी तीनला बॅटरी मान टाकते, स्क्रीनलाही कोपऱ्यात तडा आहे.

महिन्यापूर्वी एक नवा फोन आलाय, ३४,९९९ रुपयांचा. आमचे दाजी हिंजवडीला नोकरी करतात, त्यांनी पहिल्याच दिवशी घेतला. म्हणतात, या किमतीत असा फोन झाला नाही आणि होणार नाही. माझा चुलतभाऊ साखर कारखान्यात स्लिपबॉय आहे, दिवसभर उसाच्या फडावर. त्यानेही पहिल्या आठवड्यात तोच फोन घेतला आणि तो म्हणतो, चुकूनही घेऊ नकोस. त्याच्या तक्रारी: फोन गरम होतो, उन्हात स्क्रीन आपोआप मंद पडते, कॉल चालू असताना गालाने बटणं दाबली जातात, फोटोत माणसं उगाच गोरीपान दिसतात आणि बॅटरी सांगितल्याएवढी चालत नाही. दाजींना विचारलं तर म्हणाले, "असलं काही नाही, त्याला वापरता येत नसेल." नेटवर बघितलं तर तिथेही निम्मे दाजी आणि निम्मे चुलतभाऊ. बँकेची चार हजारांची सूट रविवारी संपतेय. बायको म्हणते, जुन्याची बॅटरी बदला आणि गप्प बसा. काय करू?

— एक पिग्मी एजंट, कराड

नमस्कार.

रविवारी घेऊ नका. आता कारणं सांगते.

फोनचं नाव तुम्ही कळवलं होतं, ते मी मुद्दाम गाळलंय. दर दोन-तीन महिन्यांनी नवं नाव येतं आणि पहिल्या महिन्यातलं भांडण तेच राहतं. घेतलेल्यांपैकी काही जण आरती ओवाळतात, काही बोटं मोडतात. तुमच्या घरातच दोन्ही पार्ट्या आहेत ही तुमची सोय झाली, कारण नेटवरचा माणूस कुठे राहतो, फोन कशासाठी वापरतो, काही कळत नाही. दाजी आणि चुलतभाऊ यांचं तुम्हाला सगळं माहीत आहे.

दाजी खोटं बोलत नाहीत. हिंजवडीच्या एसी ऑफिसात, टेबलावर, वायफायवर असलेला फोन तापायचं कारणच काय? शिवाय पस्तीस हजार मोजून घेतलेली वस्तू आहे. आपला तो बाब्या होणारच. चुलतभाऊही खोटं बोलत नाही, पण त्याच्या पाचही तक्रारी एका मापाच्या नाहीत. काही तक्रारी कंपनी घरबसल्या दुरुस्त करू शकते, काही त्या फोनच्या अंगातच आहेत, आणि एक तर फोनची नसून उसाच्या फडाची आहे.

शेवटची आधी घेते. बॅटरी. उसात उभं राहिलं की रेंज अर्धी होते हे तुम्हाला माहीत आहे. रेंज कमी झाली की फोन टॉवर गाठायला जास्त जोर लावतो आणि बॅटरी खातो. कुठल्याही कंपनीचा फोन हेच करतो. त्यात फोन नवा असताना पहिले काही दिवस तो जुने फोटो, चॅट, ॲपं उतरवून घेत असतो, आतल्या आत फोटोंची छाननी चालू असते, त्यामुळे बॅटरी पटकन उतरते आणि फोन कोमटही लागतो. म्हणून पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या बॅटरीबद्दलच्या तक्रारी मी अर्ध्याच धरते. तुम्ही गावात, टॉवरच्या खाली फिरता. ही तक्रार तुम्हाला तेवढी बाधणार नाही.

फोटोत गोरीपान माणसं हा निव्वळ सॉफ्टवेअरचा मामला. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'ब्यूटी' बंद करून बघायला सांगा. नाही जमलं तर एक-दोन अपडेटमध्ये कंपन्या रंग बदलतातच. तुम्हाला आधार कार्डाचा नि पासबुकाचा फोटो काढायचा आहे, सोडून द्या.

तापण्याची तक्रार मात्र नीट बघायला हवी, कारण ती अपडेटने जाणारी असू शकते किंवा फोनच्या अंगातलीही. २२ सप्टेंबर २०२३ला आयफोन १५ प्रो विक्रीला आला तेव्हा मुंबईत ॲपलच्या बीकेसीतल्या दुकानापुढे सकाळपासून रांग होती. आठवड्याभरात जगभरातून ओरड सुरू झाली की फोन हातात धरवत नाही. जाणकारांनी निदानही करून टाकलं: यंदा टायटॅनियमची चौकट लावलीय, तिच्यामुळे उष्णता बाहेर पडत नाही, म्हणजे आता हा फोन जन्मभर असाच तापणार. ॲपलने सांगितलं की टायटॅनियमचा संबंध नाही. फोन चालवणाऱ्या आयओएस १७ या सॉफ्टवेअरमध्ये एक चूक आहे, आणि इन्स्टाग्राम, उबर, अस्फाल्ट ९ हा गेम अशी काही ॲपं प्रोसेसरवर जास्त भार टाकतायत. ४ ऑक्टोबरला १७.०.३ हे अपडेट आलं आणि ओरड बरीचशी थांबली. ज्यांनी दुसऱ्या आठवड्यात "डिझाइनच चुकलंय" म्हणून निकाल दिला होता त्यांनी तो मागे घेतल्याचं फारसं ऐकलं नाही. पहिल्या गिऱ्हाइकाला लक्षण बरोबर दिसतं, रोग ओळखता येईलच असं नाही.

उलटही घडतं. २०१०च्या जूनमध्ये आयफोन ४ आला. खालचा डावा कोपरा हाताने झाकला गेला की सिग्नलच्या दांड्या घसरायच्या. कंपनी आधी म्हणाली की दांड्या मोजायचं सूत्रच चुकलंय, मुळात जास्त दाखवत होतं, ते सुधारलं. पण अँटेना बाहेरच्या पट्टीतच होती आणि तिची फट नेमकी तळहाताखाली यायची, तिथे सॉफ्टवेअर काय करणार? १६ जुलैला स्टीव्ह जॉब्सला पत्रकारांसमोर येऊन सगळ्यांना फुकट कव्हर जाहीर करावं लागलं. म्हणजे एकाच तक्रारीत थोडा भाग अपडेटचा आणि थोडा धातूचा निघाला. सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ७ची गोष्ट तर पेपरातच गाजली होती: १९ ऑगस्ट २०१६ला विक्री सुरू, फोन पेट घ्यायला लागले म्हणून २ सप्टेंबरला परत मागवले, बदलून दिलेलेही पेटले आणि ११ ऑक्टोबरला फोनच बंद. भारतात तो विक्रीला यायच्या आतच प्रकरण फुटलं, म्हणून आपले पहिले गिऱ्हाईक वाचले. असं मात्र क्वचित होतं, त्याला घाबरून बसू नका.

आता तुमचं ऊन. भर उन्हात स्क्रीन दिसावी म्हणून फोन ती पूर्ण ताकदीने उजळतो. त्याने आतली उष्णता वाढते, वरून सूर्य असतोच, आणि एका मर्यादेपुढे फोन स्वतःला वाचवायला स्क्रीन मंद करतो, चार्जिंग थांबवतो, कधी कॅमेराही उघडू देत नाही. जाहिरातीत सांगितलेले ते हजारो निट्स उजेड अशा वेळी काही मिनिटांचे पाहुणे असतात. ॲपल आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंश हवा योग्य असं लिहूनच देते. कराडात एप्रिलमध्ये दुपारी पस्तिशी सहज ओलांडली जाते. म्हणजे थोडं मंद होणं सगळ्याच फोनना आहे. प्रश्न असा की हा फोन किती लवकर मंद होतो आणि मंद झाल्यावर तुम्हाला रक्कम वाचता येते की नाही. पन्नासच्या जागी पाचशे टाकले तर वरचे साडेचारशे तुमच्या खिशातून जातात, दाजींच्या नाही. अपडेटने यात थोडी सुधारणा होते, पण उष्णता बाहेर काढायची आतली सोयच तोकडी असेल तर जास्त काही होत नाही. म्हणून ही तक्रार चुलतभावाची असली तरी तुमचीच समजा.

जाता जाता: फोन मोटारसायकलच्या हँडलला लावत असाल तर सांगते. इंजिनाच्या सततच्या थरथरीने कॅमेऱ्यातली फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलने २०२१मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं. असे हलणारे भाग असलेला कॅमेरा आता तुमच्या किमतीच्या फोनमध्येही येतो. खिशात ठेवा.

गालाने बटणं दाबली जाण्याचा प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतो आणि तो कुणी फारसा मनावर घेत नाही. फोन कानाला लावला की स्क्रीन बंद व्हायला हवी. त्यासाठी पूर्वी वरच्या बाजूला एक छोटा इन्फ्रारेड सेन्सर (प्रॉक्सिमिटी सेन्सर) असायचा. काचेच्या कडा पातळ करायच्या नादात नि पैसे वाचवायला काही कंपन्यांनी तो काढला आणि त्याचं काम ध्वनिलहरी नि फोनच्या हालचालीवरून अंदाज बांधणाऱ्या सॉफ्टवेअरवर सोपवलं. २०१६च्या शाओमी मी मिक्समध्ये हीच ध्वनीची युक्ती होती. अंदाज चुकला की तुमचा गाल कॉल म्यूट करतो, होल्डवर टाकतो, नाहीतर भलत्याला फोन लावतो. अपडेटने अंदाज सुधारतो, पण जो सेन्सर बसवलेलाच नाही तो अपडेटमधून येत नाही. या फोनच्या माहितीपत्रकात प्रॉक्सिमिटी सेन्सरपुढे 'व्हर्च्युअल' असं लिहिलंय का ते बघा. दिवसभर एका खांद्यावर मान टाकून "आलोच शेठ, पाच मिनिटांत" म्हणणाऱ्या माणसाला हा दोष कॅमेऱ्यापेक्षा मोठा आहे. दाजींना तो दिसला नाही कारण दाजी कानात इयरबड घालून बोलतात. पैज लावते.

नेटवरच्या मतांबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा: फोनचं नाव तेच असलं तरी फोन तोच असेल असं नाही. रिअलमी जीटी ७ प्रो चीनमध्ये ६५०० एमएएच बॅटरीचा होता, भारतात आला तो ५८००चा. सॅमसंगचा एस२४ अमेरिकेत आला तो स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा आणि आपल्याकडे सुरुवातीला आला तो एक्झिनॉसचा. त्यामुळे बाहेर देशातल्या माणसाने बॅटरीचं नि तापण्याचं कौतुक केलं तर त्याला हात जोडा आणि पुढे चला. "पुढच्या अपडेटमध्ये येणार" या यादीलाही किंमत देऊ नका. २०२०-२१मध्ये ज्यांनी ५जीसाठी जास्त पैसे मोजले त्यांना भारतात ५जी दिसायला १ ऑक्टोबर २०२२ उजाडला, आणि आयफोनवाल्यांना अपडेट यायला डिसेंबर.

पहिल्या महिन्यातल्या कुणालाच सांगता येणार नाहीत अशाही गोष्टी असतात. स्क्रीनवर अचानक उभी हिरवी रेघ येण्याचं दुखणं बऱ्याच जणांना दोन-तीन वर्षांनी झालं. वनप्लसला भारतात त्यासाठी स्क्रीनची आजीवन हमी द्यावी लागली. नवीन सिलिकॉन-कार्बन बॅटऱ्या पातळ फोनमध्ये जास्त ताकद भरतात, दाजींचं बॅटरीचं कौतुक बहुधा त्यापायीच आहे आणि आज ते खरंही आहे. तीन उन्हाळ्यांनंतर तिच्यात किती दम उरेल हे पहिल्या महिन्यात दाजींनाही कळणार नाही. इथे बघायचं ते कंपनीचं सर्व्हिस सेंटर. कराडला आहे की साताऱ्याला जावं लागतं? स्क्रीन बदलायला किती घेतात? सुट्टा भाग हजर असतो की "पंधरा दिवसांनी या"? काउंटरवर जाऊन विचारा, उत्तर द्यायला ते पैसे मागत नाहीत.

आता दोघांपैकी कुणीच न बोललेला मुद्दा, आणि तुमच्यासाठी हाच पहिला: तुमचं ॲप आणि तुमचा प्रिंटर. कुठल्याही समीक्षकाने आजवर पिग्मीचा थर्मल प्रिंटर जोडून फोन तपासलेला नाही. २०२१च्या अँड्रॉइड १२पासून ब्लूटूथवर जवळच्या यंत्राशी बोलायला वेगळी परवानगी लागते. जुन्या पद्धतीने बनवलेली ॲपं तिथे अडखळू शकतात. अँड्रॉइड १४ तर फार जुन्या धाटणीची ॲपं नव्याने टाकूच देत नाही. तुमच्या साडेचार वर्षांच्या फोनवर ॲप आधीच बसलेलं आहे म्हणून मुकाट चालतंय. त्यात बऱ्याच चिनी कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागे चालू असलेली ॲपं परस्पर बंद करतात. म्हणजे तुम्ही नोंद करून खिशात ठेवलेला फोन पुढच्या टपरीवर काढता, तर ॲप परत पासवर्ड मागतं आणि प्रिंटर तुटलेला.

म्हणून असं करा. एक दिवस चुलतभावाचा फोन मागून घ्या, त्याला तुमचा द्या. दाजींचा मागू नका; ते देतील, पण दर अर्ध्या तासाला "कसा वाटला?" विचारतील. संस्थेत विचारून त्यावर ॲप टाका, प्रिंटर जोडा आणि एक सकाळ नेहमीच्या लाइनवर फिरा. मंडईत बारा वाजता, सावलीत न जाता, दहा-बारा पावत्या काढा. अंगठ्याला घाम असताना बोटाचा ठसा लागतो का बघा. हेल्मेट काढून कानाला लावून दोन-तीन मोठे कॉल करा. संध्याकाळी दुसऱ्या फेरीआधी किती टक्के उरले ते पाहा. रात्री अंधारात कमी उजेडावर दहा मिनिटं वाचा. काहींना ॲमोलेड स्क्रीनच्या लुकलुकण्याने डोळे दुखतात, काहींना काहीच होत नाही, आणि हे दुसऱ्याच्या डोळ्यांनी कळत नाही. पन्नास व्हिडिओ बघून जे कळणार नाही ते त्या एका सकाळी कळेल.

संस्थेने ॲप टाकायला नकार दिला तर त्यांच्या आयटीवाल्याला एवढंच विचारा, की या अँड्रॉइडवर दुसऱ्या कुणा एजंटचं चालतंय का.

रविवारी संपणाऱ्या सवलतीचं म्हणाल तर पहिल्या महिन्याची सूट ही बहुतेक वेळा शेवटची नसते. सवलती मे महिन्यात येतात, पंधरा ऑगस्टला येतात, दसरा-दिवाळीला तर येतातच, आणि तोवर फोन जुना झालेला असल्याने मूळ किंमतही खाली सरकलेली असते. 'नो कॉस्ट' हप्त्यात व्याज माफ दाखवलं तरी त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी कार्डावर लागते, तेवढं वाचून घ्या. हिशेब तुमच्याच भाषेत मांडते. पस्तीस हजारांचा फोन तीन वर्षं चालला तर रोजची पिग्मी ३२ रुपये, पाच वर्षं चालला तर १९. तेव्हा सुरक्षेची अपडेट किती वर्षं देणार हे कंपनीकडून लेखी असलेलं बघा. गूगलने पिक्सेल ८पासून आणि सॅमसंगने एस२४पासून सात वर्षांचा शब्द दिलाय, पण ते महागडे फोन. पस्तीस हजारांत कुणी तीन वर्षं देतं, कुणी सहा. लोकांचे पैसे ज्या फोनमधून जातात त्यात हा आकडा चार्जर किती वॉटचा यापेक्षा वरचा.

मध्यंतरी वहिनींचं ऐका. कंपनीच्या सेंटरमध्ये बॅटरी बदला, नव्या फोनच्या पहिल्या हप्त्याहून हे स्वस्त पडेल. तडा गेलेली स्क्रीन आणखी दोन महिने ओढेल. एप्रिल संपेपर्यंत त्या नव्या फोनला एक-दोन अपडेट येतील. तेव्हा चुलतभावाला परत विचारा, आणि नेमकं विचारा: मंद पडणं कमी झालं का, गालाचं काय झालं. दोन्हींची उत्तरं "हो" आली आणि प्रिंटर चालला तर खुशाल घ्या, फोन वाईट दिसत नाही. गालाचं तसंच असेल तर घेऊ नका, मग दहा हजारांची सूट असली तरी.

घ्याल तेव्हा 'परत घेणार' आणि 'बदलून देणार' यातला फरक विचारूनच पैसे द्या. ऑनलाइन बऱ्याच ठिकाणी सात दिवसांत फक्त बदलून मिळतो, तोही दोष त्यांनी मान्य केला तर. "उन्हात मंद पडतो" हा त्यांच्या लेखी दोष नसतो. बिलावर आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) लिहून घ्या आणि *#०६# दाबून फोनवरच्या नंबराशी जुळवा. वाद झाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि फोन बदलायचा दिवस सोमवार नको. तुमचं कलेक्शन ॲप एका हँडसेटशी बांधलेलं असेल तर नव्यावर ते संस्थेकडूनच सुरू करून घ्यावं लागेल, आणि काही बँका नव्या फोनवर पहिले २४ तास यूपीआयची मर्यादाही कमी ठेवतात. शनिवारी संध्याकाळचा भरणा झाला की बदला, आणि जुना फोन पुसून एक्स्चेंजला द्यायच्या आधी आठवडाभर चार्ज करून डिकीत असू द्या.